बांधलेलं मीठ

मला कळलं तेव्हा मी रेशनकार्ड घेऊन टोकावड्याला एसटीची वाट बघत उभा होतो. सरकारी योजनेत उपचार फुकट होतात, पण त्याला रेशनकार्ड लागतं आणि ते घाईत घरी राहिलं होतं. गिरजाला, माझ्या बायकोला, आदल्या दिवशी मुरबाडहून कल्याणच्या पुढे मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. तिच्याजवळ माझी आई होती आणि शहापूरहून आलेला तिचा भाऊ ओमकार होता. मी सकाळी गावी येऊन पत्र्याची पेटी उघडली, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पाऊस होता म्हणून ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि निघालो.

घाटाकडून येणारी गाडी उशिरा होती. ढाब्यावरच्या कमळूने विचारलं, "वयनी कशी हाय रे?"

"इंजेक्शन दिलंय. डोळं उघडलं तिनं," मी म्हणालो. ते खरं होतं. मी हॉस्पिटलातून निघालो तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं होतं.

मग ओमकारचा फोन आला. "दाजी, तुमी या," एवढंच तो म्हणाला.

"कार्ड मिळालं. गाडी आली का बसतो."

"कार्डाची घाई नाय आता."

गाडी आली, मी चढलो. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं तर मला पटकन सांगता येईना. मागे उभ्या असलेल्या माणसाला वाटलं सुट्टे नाहीत, त्याने खिशात हात घातला. मी पिशवी पोटाशी धरून बसलो आणि कल्याण येईपर्यंत ती सोडली नाही. कार्ड भिजू नये असं वाटत होतं.

मी वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला आहे. आठवडाभर तिकडे खोलीवर राहतो आणि सुट्टीला गावी येतो. गाव टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. घरची भातशेती गिरजा आणि आई बघायच्या. आम्हाला एक मुलगी, कुणाली, ती बारावीला आहे.

गिरजा रंगाने गोरी होती. आईने तिला किन्हवलीकडून पसंत करून आणली आणि भावकीत सांगत फिरली की अशी सून अख्ख्या गावात नाही. मी काळा. लग्नात गिरजाच्या मावशीने मला बघून म्हटलं होतं, "जावयाला जरा पिठात घोळवा गो, फोटोत दिसाचा नाय," आणि सगळा मांडव हसला होता. पुढे कितीतरी वर्षं गिरजा भाकरी थापताना मला बोट लावायची आणि म्हणायची, "या, जरा घोळवते."

ती काळवंडायला लागली ती गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात. आमच्याकडे भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन आधी भाजतात. शेणी, फांद्या, पालापाचोळा पसरून वरून माती टाकतात आणि पेटवतात. त्याला राब म्हणतात. राबाच्या दिवसांत बायका धुराने आणि काजळीने काळ्याच होतात. गिरजाही झाली. आई तिला म्हणाली, "राबात लोळलीस का काय गो?"

"तुमीच ढकललीत," गिरजा म्हणाली. दोघी हसल्या.

पावसाळा आला, आवणी म्हणजे भाताची लावणी झाली. सगळ्या बायकांची काजळी धुऊन गेली, उन्हाचा रापही हळूहळू उतरला. गिरजाचा उतरला नाही. आई तिला रोज बघायची म्हणून तिला कळत नव्हतं. मी आठवड्याने यायचो, मला कळायचं. तळहाताच्या रेषा काळ्या झाल्या होत्या, काजळ भरल्यासारख्या. बोटांची पेरं काळी, कोपरं काळी. मनगटावर विळा लागल्याची जुनी पांढरी खूण होती, तीसुद्धा काळी झाली. मोरीत बसून ती राख आणि काथ्या घेऊन हात घासायची, सालटं निघेपर्यंत.

"निघत नाय ओ," ती म्हणाली. "राबाची काजळी अशी नसते कदी."

मी म्हणालो, "औंदा ऊन जास्त व्हतं."

शहापूरहून मी तिला गोरं व्हायचं मलम आणून दिलं. ते तिने संपेपर्यंत लावलं.

त्याच सुमारास तिला मिठाची हाव सुटली. भाकरीवर मीठ, पेजेत मूठभर मीठ. लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत ओतून ती पाण्यासारखी प्यायची. सुकट भाजायच्या आधीच चिमटीने तोंडात टाकायची. आई म्हणायची, "तुला मिठागरावर द्याची व्हती गो. चुकून आमच्याकडं आलीस." शेजारची गीताबाई तर दारातूनच मला ओरडली, "कुंडलिकभावजी, पेढं कदी? कुणालीच्या पाठीवर एवढ्या वर्सांनी?" गिरजा पदर तोंडाला लावून आत पळाली. तसं काही नव्हतं. उलट ती बारीक होत चालली होती. ब्लाउज दोनदा आवळले. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, खांब धरून थांबायची. सकाळी मळमळायचं. मळणीच्या वेळी ती पहिल्यांदा मधेच खाली बसली. आमच्या घरात मळणीला बसलेली बाई मी बघितली नव्हती.

आमचे नेहमीचे डॉक्टर रस्त्यालाच आहेत. त्यांनी तपासलं, अशक्तपणा म्हणाले आणि सलाईनची बाटली लावली. बाटली अर्धी झाली तेव्हा गिरजाच्या तोंडावर जीव आला. संपली तेव्हा ती स्वतः चप्पल घालून बाहेर आली आणि मला म्हणाली, "भूक लागली." वाटेत तिने दोन वडे खाल्ले. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. पुढे असंच ठरून गेलं. पडली की बाटली, बाटली लागली की उठते. उठते म्हणजे आजार मोठा नाही. गावात कुणीही हेच सांगितलं असतं, आणि सगळ्यांनी हेच सांगितलं.

तरी आम्ही तेवढ्यावर बसलो नाही. शहापूरला सोनोग्राफी केली, त्यात काही आलं नाही. मुरबाडला थुंकी तपासली, टीबी नाही म्हणाले. एकाने रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या, एकाने पित्ताच्या दिल्या. एकाने बीपी बघितलं आणि म्हणाला, "कमी आहे, पण कमी असलेलं बरं. माझ्याकडे दिवसभर वाढलेले येतात." शहापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आधी गिरजाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?"

स्टँडवर आल्यावर आई म्हणाली, "मी काय छळते का गो तुला?"

"नाय ओ आई. त्या बाईला काय म्हायती?"

आई घुश्श्यात दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने उठली आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी आणून गिरजाच्या मांडीवर टाकली. गिरजाने शेंगदाणे संपवले, मग पुडीचा कागद उलगडला आणि त्याला चिकटलेलं मीठ बोटाने टिपून खाल्लं. आई मला म्हणाली, "बघ, छळते मी."

यंदा आषाढात आईने नवस बोलला. मी तेव्हा वाशिंदला होतो.

आमची गावदेवी टेकडीच्या पायथ्याशी आहे. चार भिंती, वर कौलं, दारात जुना उंबर. कुणाचं दुखणं हटत नसेल तर त्याच्यासाठी देवीपुढे बांधतात. म्हणजे त्या माणसाला जे सगळ्यात जास्त आवडतं ते त्याच्याच कपड्याच्या तुकड्यात बांधून देवळाच्या आढ्याला लटकवायचं. तो माणूस बरा होऊन आपल्या पायांनी देवीपुढे येईपर्यंत ती वस्तू त्याच्या तोंडी लागू द्यायची नाही. गाठही त्यानेच सोडायची. दुसऱ्याने सोडलेली चालत नाही. माझ्या लहानपणी माझ्यासाठी गूळ बांधला होता. गोवर गेला आणि मी जाऊन गाठ सोडली, तो गूळ तिथेच बसून खाल्ला.

आईने गिरजाच्या लग्नातल्या हिरव्या साडीचा तुकडा फाडला आणि त्यात खडे मीठ बांधलं.

मी सुट्टीला घरी आलो. जेवायला बसलो तर भाजी अळणी, आमटी अळणी. मी म्हणालो, "मीठ सरलं का?"

"सरलं नाय, बांधलं," आई म्हणाली. "तुझं नाय बांधलं, तू वरून घे. तिचं नि माझं बांधलंय."

"तुजं कशाला?"

"ती एकली कशी सोडील रे? जेवताना समोर कोन तरी तसंच खानारं पायजे."

आईने माझ्या ताटात मीठ वाढलं. गिरजा समोर बसली होती. ती माझ्याशी बोलत होती, कुणालीच्या कॉलेजचं काहीतरी सांगत होती, पण बघत होती माझ्या ताटातल्या मिठाकडे. मी ते आमटीत कालवून टाकलं. रात्री ती म्हणाली, "बाजारात गेलात तर सुकट नका आनू. वास आला तर राहवत नाय."

"मग खा की जरा. कोन बघतंय?"

"आई माझ्यापायी म्हातारपनी अळनी खातात. मी चोरून खाऊ?"

श्रावण लागेपर्यंत ती अंथरुणाला लागली. आम्ही बाटली लावायला नेत होतो, पहिल्यापेक्षा लवकर लवकर न्यावं लागत होतं. प्रत्येक वेळी ती उठायची. आई म्हणायची, "देवी ऐकते. बघ, उठली." गाडीतून येताना देवळाकडे बघून ती हात जोडायची.

गौरी-गणपतीच्या आधी गिरजाला ताप आला. साधाच ताप, घराघरात होता. गीताबाईची सून दोन दिवसांत उठून कामाला लागली. गिरजाला उलट्या सुरू झाल्या आणि तिला बोललेलं कळेना. आमच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, पट्टा काढला आणि म्हणाले, बाटली लावतो पण इथे थांबू नका. मुरबाडला नेलं. तिथून मोठ्या हॉस्पिटलात.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना सगळे दामिनी मॅडम म्हणत. त्यांनी पहिल्यांदा गिरजाचा ओठ बोटाने वर केला. इतक्या डॉक्टरांकडे गेलो, कुणी तिचा ओठ वर केला नव्हता. हिरड्यांवर काळे-निळे डाग होते. मीही ते तेव्हाच बघितले. मग त्यांनी तिचा तळहात उघडून दिव्याखाली धरला.

"ह्या आधीपासून अशाच काळ्या होत्या?"

"गोरी होती," मी म्हणालो. "राबापासून झाली."

त्यांना राब कळला नाही. त्यांनी विचारलं, "यांना खारट खावंसं वाटायचं का? खूप जास्त?"

मी बोलायच्या आत आई पुढे झाली. "वाटायचं तर! पन आमी बंद केलं. आखाडापासून मिठाचा खडा नाय पोटात. तिच्या नाय, माज्या नाय."

आई हे मान वर करून म्हणाली. दुसरं काही नाही तरी एवढं तरी आपण नीट पाळलं, अशा आवाजात. डॉक्टरीणबाईंचा हात गिरजाच्या मनगटावर होता तो तसाच राहिला. त्यांनी आईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. वळून नर्सला मोठ्याने काहीतरी सांगितलं, पळत कुणीतरी इंजेक्शन आणलं, दोन्ही हातांना बाटल्या लावल्या. रक्त काढून पाठवलं. पहाटे गिरजाने डोळे उघडले आणि योजनेच्या टेबलावरच्या माणसाने मला रेशनकार्ड विचारलं.

मी परत पोचलो तेव्हा आई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. गिरजाच्या हातातल्या बांगड्या काढून तिने पदराच्या टोकाला बांधल्या होत्या. ओमकार मला धरायला आला. दामिनी मॅडमनी मला बाजूला बोलावलं.

त्या म्हणाल्या, मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. गिरजाची ती सुकून गेली होती. तिच्यातून जे पाझरतं ते नसलं की अंगात मीठ टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं. रंग काळा पडतो, हातापायातलं बळ जातं, रक्तदाब उतरतो. म्हणून अंग मीठ मागत असतं. आजाराचं नाव अॅडिसन. "फार कमी लोकांना होतो," त्या म्हणाल्या. "मी पुस्तकात वाचला होता. माणसात पहिल्यांदा बघितला."

"औषध आहे?"

"आहे. रोजची गोळी. आयुष्यभर घ्यावी लागते, पण माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो."

मी विचारलं, "मीठ खाल्लं असतं तर वाचली असती?"

त्या म्हणाल्या, "नुसत्या मिठाने नाही. गोळी हवीच होती, आणि तापात तर जास्त हवी होती. पण इतके दिवस त्या उभ्या होत्या त्या मिठावरच." आणि म्हणाल्या, "तुम्ही बाटली लावत होता ना? त्या बाटलीत काय असतं? मिठाचंच पाणी असतं."

हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आईला माहीत असतं तर तिने बाटलीही लावू दिली नसती.

"तुम्हाला कोण सांगणार होतं?" त्या म्हणाल्या. "आमच्यापैकीच कुणाच्या लक्षात आलं नाही. आजींना मी काही बोललेले नाही. ते तुम्ही बघा."

मी आईजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "काय म्हनली रे बाई?"

"उशीर झाला म्हनली."

आईने मान हलवली. "मी तेच म्हनते. नवस आधी बोलाया पायजे व्हता. राबाच्या टायमालाच मीठ बांधलं असतं तर आज आपन हिला घेऊन घरी गेलो असतो."

तेराव्याला भावकी जेवायला होती. पंगतीत आईचं ताट वेगळं, अळणी. गीताबाई म्हणाली, "आता कशाला आत्या? जिच्यासाठी बांधलं ती गेली. टाका आता तोंडात."

"गाठ कुटं सुटली गो?" आई म्हणाली.

गीताबाई माझ्याकडे बघायला लागली. मी वाढप्याला भात घेऊन बोलावलं.

आईचं म्हणणं साधं होतं. गिरजा आपल्या पायांनी देवीपुढे आली नाही, म्हणून गाठ सुटली नाही. गाठ सुटली नाही, म्हणून बांधलेलं अजून बांधलेलंच आहे. सोडणारी राहिली नाही, तर ते आता कधीच सुटणार नाही. आई सत्तरीच्या पुढे आहे. ती म्हणाली, "माझं काय, थोडंच राहिलंय. तेवढं पाळीन. तिनं माझ्या शब्दावर पाळलं ना?"

कुणालीला मी सगळं सांगितलं होतं. ती शिकलेली आहे, तिने मोबाइलवर त्या आजाराबद्दल वाचलं आणि मला वाचून दाखवलं. हिरड्या, रेषा, मिठाची हाव, सगळं तसंच लिहिलेलं होतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजीला सांगा, बाबा."

"सांगतो."

पुढच्या सुट्टीला तिने विचारलं, "सांगितलं?"

"नाय."

"मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

मग तिने आपल्या मनाने एक केलं. स्वयंपाक आता तीच करते. एके दिवशी तिने आजीच्या वालाच्या भाजीत चिमूटभर मीठ टाकलं. कळणार नाही इतकंच. आईने पहिला घास घेतला आणि थांबली. इतके महिने अळणी खाणाऱ्याच्या जिभेला तेवढंही कळतं. ती ओरडली नाही. घास हातावर काढला, उठली, चूळ भरली, ताट म्हशीला नेऊन ठेवलं. तो दिवस ती उपाशी राहिली. संध्याकाळी देवळात जाऊन आली आणि कुणालीला जवळ घेऊन म्हणाली, "चुकलं तुझ्याकडून, व्हतं असं. पन आता नको हां पोरी. तुझ्या आयशीला त्रास हुईल तिकडं." कुणाली रात्रभर रडली आणि त्यानंतर तिने मला विचारणं सोडलं.

मी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आजाराचं नाव सांगितलं. मला भांडायचं नव्हतं. त्यांनी नाव पुन्हा म्हणायला लावलं. शिकताना ऐकलं होतं म्हणाले. मग टेबलावरचा टॉर्च उगीच चालू-बंद करत राहिले. "मी तिचं तोंड उघडून बघितलं होतं, घसा बघायला," ते म्हणाले. "हिरड्या नाही बघितल्या." बाहेर पेशंट बसले होते. दोघांना आत बाटल्या चालू होत्या. मी निघालो.

भात कापून झाल्यावर आई खळ्यात पडली. चक्कर आली, कमरेला मार लागला, हाड वाचलं. मी योगायोगाने घरी होतो. मोटरसायकलवर मधे बसवून, मागे कुणालीला बसवून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सलाईन लावलं. आई खाटेवर पडून थेंबांकडे बघत होती. थोड्या वेळाने तिचा आवाज सुधारला.

"बरं वाटतं रे बाटलीनं," ती म्हणाली. "गिरजीलाबी असंच वाटायचं. मी म्हनायचे ही एवढी हसत कशी उठते."

डॉक्टर म्हणाले, "आजी, जेवणात मीठ घ्या आता. या वयात एवढं तोडून चालत नाही."

"ते नाय जमायचं डाक्टर. दुसरं काय बी सांगा."

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. असंच चालू राहिलं तर पुन्हा पडतील. दर वेळी हाड वाचेल असं नाही."

मी ठरवलं की आज सांगायचं. कुणालीला एसटीने पुढे पाठवलं आणि आईला घेऊन हळूहळू निघालो. गावाच्या वळणावर तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. "थांब. पाया पडते." मी गाडी उंबराखाली लावली आणि तिला धरून देवळात नेलं.

आढ्याला चार-पाच पुरचुंड्या लटकत होत्या. गिरजाची हिरवी, शेवटची. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. सगळं मीठ गळून गेलं होतं. नुसतं फडकं राहिलं होतं, कडक झालेलं, आणि त्याच्याखाली जमिनीवर पांढरा डाग होता. शेणाने सारवलं तरी तो वर आला होता. गाठ मात्र घट्ट होती, आईने मारलेली.

आई डागाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बघ, सगळं मीठ घेतलंन देवीनं. एक खडा ठेवला नाय. मग गिरजीला का नाय ठेवली?"

ती देवीला विचारत नव्हती. माझ्याकडे तोंड करून विचारत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि देवळात आम्ही दोघंच होतो. मला उत्तर माहीत होतं. ते सांगितलं असतं तर तिने मीठ खाल्लं असतं, किंवा त्यानंतर काहीच खाल्लं नसतं. त्यातलं कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही.

"चल," मी म्हणालो. "ऊन वाढतंय."

तेव्हापासून मी बऱ्याच वेळा घरी येऊन गेलो. गाठ तशीच आहे. आई अळणी खाते आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही.